कोरोना लसीचा दुसरा डोस : कोणता, कधी, कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

(ऑक्टोबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात लागू असलेल्या नियमांप्रमाणे. यातले ‘आज’ आणि ‘आता’ तेव्हाचे; नियम, दर आणि सोयीही तेव्हाच्याच.)

राज्यात ८ ऑक्टोबरपासून ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम सुरू आहे. १४ तारखेपर्यंत रोज १५ लाख डोस द्यायचे, असे उद्दिष्ट आहे. मे महिन्यात लसच मिळत नव्हती. माणसे पहाटे येऊन रांगेत बसायची आणि दुपारी ‘साठा संपला’ची पाटी बघून घरी जायची. आता केंद्रावर लस असते, सिस्टर बसलेल्या असतात, पण दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेलेली माणसे येत नाहीत. कुणी म्हणते दुसरी चांगली लस येणार आहे, कुणाला पहिल्या वेळच्या तापाची धास्ती आहे, कुणाचे नाव मुंबईला आणि माणूस गावाला. केंद्रावरच्या मदतीच्या टेबलावर आम्हा स्वयंसेवकांना रोज जे विचारले जाते, त्याची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. तुमच्या आजाराबद्दल काही खास शंका असेल तर ती मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पहिला डोस कोविशिल्डचा झाला आहे. दुसरा कोव्हॅक्सिनचा घेतला तर चालेल का?

नाही. दुसऱ्या डोसला लस निवडायची नसते, ती पहिल्या डोसलाच ठरलेली असते. कोविशिल्ड घेतली असेल तर कोविशिल्ड, कोव्हॅक्सिन घेतली असेल तर कोव्हॅक्सिन. कोविन या लस नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावापुढे पहिल्या डोसची लस नोंदलेली असते आणि दुसरा डोस त्याच लसीचा धरला जातो.

दोन्ही लसी आपल्या ओळखीच्या आहेत, म्हणून त्या एकसारख्या वाटतात. कोविशिल्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. ऑक्सफर्ड आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाने विकसित केलेली ही लस. चिंपांझींमध्ये आढळणारा सर्दीचा एक विषाणू निरुपद्रवी करून, त्याच्याकरवी कोरोना विषाणूवरच्या काट्याची (स्पाइक प्रथिनाची) माहिती शरीराला पोचवली जाते. कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकची, पण तिच्यामागचा विषाणू पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला. त्यात संपूर्ण विषाणूच असतो, पण मारलेला. दोन्हींची बनावट वेगळी, दोन डोसांमधले अंतरही वेगळे. प्रत्येकीच्या चाचण्या तिच्याच दोन डोसांवर झालेल्या आहेत.

पण परदेशात तर दोन वेगळ्या लसी देतात ना?

देतात. जर्मनी आणि कॅनडामध्ये पहिला डोस अ‍ॅस्ट्राझेनेकाचा आणि दुसरा फायझर किंवा मॉडर्नाचा, असे अनेकांना दिले गेले. जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनीही जूनमध्ये असाच दुसरा डोस घेतला. तिथे त्या जोडीचा अभ्यास झाला होता आणि सरकारने तशी परवानगी दिली होती. फायझर आणि मॉडर्ना आपल्या केंद्रांवर नाहीत. कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनच्या जोडीचा अभ्यास अजून बाल्यावस्थेत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला ऑगस्टमध्ये अशा चाचणीची परवानगी मिळाली आहे. तिचे निष्कर्ष येऊन सरकारी नियम बदलेपर्यंत स्वतःच्या दंडावर हा प्रयोग करू नका.

केंद्रावर चुकून दुसरीच लस दिली गेली तर काय करायचे?

घाबरू नका. उत्तर प्रदेशातल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात मे महिन्यात नेमके हेच झाले. एका गावातल्या वीसजणांना पहिला कोविशिल्ड आणि दुसरा कोव्हॅक्सिन असा डोस चुकून दिला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) त्यांच्यापैकी अठराजणांची तपासणी करून निष्कर्ष मांडले. कुणालाही गंभीर त्रास झाला नाही आणि प्रतिकारशक्तीही चांगली तयार झाली होती. अठरा माणसांवरून सगळ्या देशाचा नियम ठरत नाही, पण असे झालेल्या माणसाने झोप उडवून घेण्याचे कारण नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

चूक लक्षात आली की त्याच दिवशी केंद्रावरच्या डॉक्टरांना सांगा, नोंद करून घ्या आणि अर्ध्या तासाऐवजी थोडे जास्त वेळ तिथे थांबा. मनाने जाऊन तिसरा डोस घेऊ नका.

त्याहून चांगले म्हणजे चूक होऊच न देणे, आणि ते तुमच्या हातात आहे. खुर्चीवर बसल्यावर सिस्टरना सांगा, ‘माझा पहिला कोविशिल्डचा झालाय, बाटली दाखवता का?’ बाटलीवर नाव छापलेले असते. कोविशिल्डच्या पाच मिलिलिटरच्या बाटलीत दहाजणांचे डोस असतात, एकेकाला अर्धा मिलिलिटर. कोव्हॅक्सिन किंचित पांढुरकी दिसते. सिस्टर तुमच्यासमोर अर्धा मिलिलिटर भरतात, ते बघा. असे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. दिवसभरात शेकडो दंड हाताळणाऱ्या सिस्टरनाही त्याची मदतच होते.

बाटली उघडली की चार तासांत संपवावी लागते. म्हणून कधीकधी ‘अजून पाचसहाजण येऊ द्या, मग उघडतो’ असे सांगतात. त्यावरून भांडणे होतात. कृपा करून थांबा. तुमच्या एकट्यासाठी बाटली फोडली तर उरलेले नऊ डोस वाया जाण्याची भीती असते.

दुसरा डोस नेमका कधी घ्यायचा?

कोव्हॅक्सिनचा चार ते सहा आठवड्यांनी, म्हणजे २८ दिवस पूर्ण झाले की घेता येतो. कोविशिल्डचा १२ ते १६ आठवड्यांनी, म्हणजे ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. २० जुलैला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला असेल तर १२ ऑक्टोबरपासून तुम्ही पात्र. तारीख पहिल्या डोसच्या प्रमाणपत्रावर दिलेली असते. बोटांवर मोजत बसू नका, ती बघा.

कोविशिल्डचे अंतर दोनदा बदलले. लस कमी पडली म्हणूनच वाढवले ना?

हा संशय अनेकांच्या मनात आहे, आणि त्यातूनच ‘तारखेला काही अर्थ नाही’ असा चुकीचा समज झालेला दिसतो. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

१६ जानेवारीला मोहीम सुरू झाली तेव्हा अंतर चार ते सहा आठवडे होते. २२ मार्चला ते चार ते आठ आठवडे झाले आणि १३ मे रोजी १२ ते १६ आठवडे. मे महिन्यात लसीचा तुटवडा होता, हे खरेच आहे. आपल्याकडे तर १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले आणि त्यांच्यासाठीची कोव्हॅक्सिन पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावी लागली. अशा वेळी अंतर वाढले की लोकांना शंका येणारच. तिला हसण्यात अर्थ नाही.

पण वाढवलेल्या अंतरामागे आधार होता. ऑक्सफर्डच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, दोन डोस सहा आठवड्यांच्या आत घेतलेल्यांमध्ये लसीची परिणामकारकता ५५ टक्क्यांच्या आसपास होती, तर १२ किंवा अधिक आठवड्यांचे अंतर ठेवलेल्यांमध्ये ८१ टक्के. ब्रिटनने डिसेंबर २०२० मध्येच १२ आठवड्यांचे अंतर स्वीकारले होते. मग डेल्टा हा कोरोना विषाणूचा नवा प्रकार आला. एका डोसवर त्याला अडवणे कठीण आहे असे दिसल्यावर ब्रिटनने पन्नाशीपुढच्यांसाठी ते आठ आठवड्यांवर आणले. म्हणजे अंतर वाढवण्याचाही फायदा आहे आणि वाट बघण्यातला धोकाही आहे. आपल्यापुरता अर्थ सरळ आहे : ८४ दिवसांच्या आधी हट्ट धरू नये, आणि ८४ दिवस झाले की दुसऱ्याच दिवशी केंद्र गाठावे. १६ आठवडे ही शेवटची मर्यादा आहे. तोवर थांबायचे आहे असे समजू नका.

माझी तारीख कधीच उलटून गेली. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे का?

नाही. जितके दिवस उलटले असतील तितके असोत, दुसरा डोसच घ्यायचा आणि मिळेल त्या पहिल्या दिवशी घ्यायचा. पहिला डोस वाया जात नाही. शरीराने तेव्हा घडवलेल्या स्मृतिपेशी टिकून असतात आणि दुसरा डोस त्यांनाच जागे करतो. केंद्रावर उशिराबद्दल कुणी बोलेल, रागावेल म्हणून काहीजण येत नाहीत. कुणीही बोलणार नाही. या.

एका डोसवर भागत नाही का?

डेल्टापुढे भागत नाही. आपल्याकडची दुसरी लाट याच विषाणूने आणली. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात एका डोसनंतर डेल्टामुळे होणाऱ्या लक्षणांपासून सुमारे ३० टक्के संरक्षण दिसले. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या दोन डोसांनंतर ते ६७ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात भरती होण्यापासूनचे संरक्षण एका डोसनंतर ७१ टक्के आणि दोन डोसांनंतर ९२ टक्के आढळले.

एका डोसचाही उपयोग होतो, हे या आकड्यांतून दिसते. पण एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी ज्यांनी रात्रभर फोन फिरवले आहेत त्यांना ७१ आणि ९२ मधला फरक समजावून सांगावा लागत नाही. कोव्हॅक्सिनचे संपूर्ण वेळापत्रकच दोन डोसांवर बेतलेले आहे. कंपनीने जुलैमध्ये तिसऱ्या टप्प्यातली तिची परिणामकारकता ७७.८ टक्के जाहीर केली, तीही दोन डोस पूर्ण झालेल्यांची.

पहिल्या डोसनंतर मला कोरोना झाला. आता दुसरा कधी?

पूर्ण बरे झाल्यावर तीन महिन्यांनी. मे महिन्यात हा नियम झाला आहे. बरे होऊन तीन महिने झाले असतील आणि ८४ दिवसही उलटले असतील तर आता थांबू नका. ‘झाला एकदा, आता लशीची गरज नाही’ हे खरे नाही. कोरोनाशिवाय दुसऱ्या कुठल्या गंभीर आजारासाठी रुग्णालयात राहावे लागले असेल, तर चार ते आठ आठवडे थांबून डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.

पहिल्या वेळी दोन दिवस ताप आला, अंग ठणकले. दुसऱ्या वेळी त्याहून जास्त होईल का?

कोविशिल्डच्या बाबतीत उलटेच आहे. चाचण्यांमध्ये दुसऱ्या डोसनंतरचा त्रास पहिल्यापेक्षा सौम्य आढळला. ताप, अंगदुखी, दंड दुखणे ही शरीराने लशीची दखल घेतल्याची चिन्हे आहेत. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, एक दिवस आराम करा. घरकाम किंवा मजुरी बुडेल अशी अडचण असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी लस घ्या. ताप येण्याआधीच गोळी घेऊन बसण्याची गरज नाही. आणि काहीच त्रास झाला नाही म्हणजे लस ‘लागली’ नाही असेही नाही.

मग दुसरा डोस अजिबात घेऊ नये, असे कुणी आहे का?

आहेत, थोडे. पहिल्या डोसनंतर लगेच तीव्र अ‍ॅलर्जी होऊन श्वास कोंडला, चेहरा-घसा सुजला, इंजेक्शन देऊन सावरावे लागले, अशांनी त्याच लसीचा दुसरा डोस घ्यायचा नाही. पहिल्या कोविशिल्डनंतर प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तरीही नाही.

गुठळ्यांबद्दल लोक फार घाबरतात, म्हणून आकडा सांगतो. देशाच्या लसीकरणानंतरच्या दुष्परिणाम समितीने मे महिन्यात जाहीर केले त्यानुसार अशा घटना दर दहा लाख डोसांमागे ०.६१ इतक्या, म्हणजे एकाहूनही कमी. तरी लक्षणे माहीत असावीत. लस घेतल्यावर वीस दिवसांच्या आत धाप लागणे, छातीत दुखणे, एखादा हात किंवा पाय सुजणे, इंजेक्शनच्या जागेपासून दूर त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटणे, उलट्यांसह किंवा उलट्यांशिवाय सतत पोटात दुखणे, न थांबणारी तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, अंगाच्या एखाद्या भागातली ताकद जाणे, यांपैकी काही दिसले तर वाट न बघता रुग्णालय गाठा आणि लस कधी घेतली ते सांगा.

मधुमेह, रक्तदाब, दमा, थायरॉइड असणाऱ्यांनी लस टाळायची नाही. त्यांनाच तिची जास्त गरज आहे. रोजची औषधे चालू ठेवा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर सिस्टरना आधी सांगा, म्हणजे त्या जागा जास्त वेळ दाबून धरायला सांगतील.

नवरात्राचे उपास चालू आहेत. लस घेतली तर चालेल?

चालेल. पण निर्जळी किंवा पूर्ण उपाशी येऊ नका. रांगेत उभे राहून, त्यात सुईच्या धास्तीने चक्कर येते आणि आजूबाजूचे म्हणतात, लशीने चक्कर आली. राजगिऱ्याचा लाडू, भगर, केळे, दूध, जे उपासाला चालते ते खाऊन या आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर उपाशीपोटी मुळीच येऊ नये.

पाळी चालू असेल तर पुढची तारीख घ्यावी का?

मुळीच नाही. ‘पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नये’ हा संदेश एप्रिलपासून फिरतो आहे आणि तो खोटा आहे. सरकारने तेव्हाच तसे स्पष्ट केले. या एका संदेशापायी कितीतरी मुली आणि बायकांनी हाती आलेला स्लॉट सोडला, याचे फार वाईट वाटते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी दुसरा डोस घ्यावा का?

घ्यावा. पाजणाऱ्या मातांना १९ मे रोजी आणि गरोदर स्त्रियांना २ जुलै रोजी परवानगी मिळाली. पहिला डोस घेतल्यावर दिवस गेले असतील तरी ठरलेल्या वेळी दुसरा घेता येतो, गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात. गरोदरपणात कोरोना झाला तर तो गंभीर होण्याची आणि बाळंतपण वेळेआधी होण्याची शक्यता वाढते. बाळाला दूध पाजणे एक दिवसही थांबवायचे नाही. सासूबाईंची किंवा आईची काळजी समजण्यासारखी आहे. त्यांना सोबत घेऊन या, डॉक्टर त्यांच्याशीही बोलतील.

पहिला डोस एका गावात झाला, आता आम्ही दुसरीकडे आहोत. दुसरा इथे मिळेल का?

मिळेल. देशात कुठेही मिळेल. पहिला डोस मुंबईत आणि दुसरा रत्नागिरीत, पहिला नांदेडला आणि दुसरा हैदराबादला, काही हरकत नाही. रहिवासाचा दाखला मागितला जात नाही. लागतात त्या दोनच गोष्टी : पहिल्या डोसला दाखवलेले ओळखपत्र आणि तेव्हा दिलेला मोबाइल नंबर.

सगळा घोटाळा या मोबाइल नंबरवर होतो. गळीत हंगाम तोंडावर आला आहे. बीड, नगर, जालन्याकडच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतील. गावात शिबिर झाले तेव्हा यांतल्या कितीतरी जणांची नावे मुकादमाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या फोनवर टाकलेली आहेत, कारण एका नंबरवर चार नावे चालतात. आता कारखान्याच्या तळावर आरोग्य पथक येते आणि विचारते, ‘नंबर कोणता दिला होता?’ तो आठवत नाही. मग घाईत नव्या नंबरवर नव्याने नाव घातले जाते आणि दुसरा डोस पहिला म्हणून नोंदला जातो. अशा माणसाकडे दोन ‘पहिल्या डोस’ची प्रमाणपत्रे असतात आणि दोन डोस पूर्ण झाल्याचे एकही नसते.

म्हणून निघण्यापूर्वी एवढे करा. ज्याच्या फोनवर नाव आहे त्याचा नंबर कागदावर लिहून आधार कार्डासोबत ठेवा. पहिल्या डोसच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स जवळ असू द्या. गावातल्या आशाताईंकडे यादी असते, नंबर आठवत नसेल तर त्यांना विचारा. आणि ८४ दिवस झालेच असतील तर गाव सोडण्याआधी तिथेच दुसरा डोस घेऊन निघा, म्हणजे प्रश्नच मिटला. लस घेताना त्या फोनवर ओटीपी आला तर तो फक्त टेबलावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचा. ‘लशीसाठी ओटीपी द्या’ म्हणून घरी फोन आला तर तो कुणालाही द्यायचा नाही.

टोळीच्या मुकादमांना आणि कारखान्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांना एक कळकळीची विनंती. तळावर शिबिर लावाल तेव्हा ते संध्याकाळी लावा. तोडणी सोडून भरदुपारी कुणी येऊ शकत नाही, आणि मग म्हटले जाते की हे लोक लस घेत नाहीत.

सरकारी केंद्रावर घ्यावा की खासगी रुग्णालयात?

लस तीच, बाटली तीच, दोन ते आठ अंश तापमानाची शीतसाखळीही तीच. सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांवर मोफत. खासगीत कोविशिल्डचे ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिनचे १,४१० रुपये ही कमाल किंमत ठरवून दिलेली आहे. त्यातच कर आणि १५० रुपयांपर्यंतचे सेवाशुल्क आले. त्यापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. पहिला डोस खासगीत झाला असला तरी दुसरा सरकारी केंद्रावर मोफत घेता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

कोव्हॅक्सिनवाल्यांना थोडी खटपट करावी लागते, कारण ती सगळ्या केंद्रांवर नसते. निघण्यापूर्वी कोविनवर किंवा वॉर्डातल्या कार्यालयात विचारून घ्या. ‘जवळच्या केंद्रावर कोविशिल्ड आहे, तीच घेऊन टाकू’ हा मोह होतो. त्याऐवजी दोन स्टॉप पुढच्या केंद्रावर जा.

सोसायटीतल्या शिबिरात घेणार असाल तर कोणत्या रुग्णालयाचे पथक येणार आहे ते आधी त्या रुग्णालयात फोन करून खात्री करा. कांदिवलीच्या एका सोसायटीत मे महिन्यात बनावट शिबिर झाले, लोकांनी पैसे मोजले आणि नंतर वेगवेगळ्याच केंद्रांच्या नावाची प्रमाणपत्रे आली. मूळ बाटली बघणे आणि प्रमाणपत्रावरचे केंद्राचे नाव ताडून पाहणे, ही सवय ठेवा.

मी स्पुटनिक घेतली होती. तिचे काय?

स्पुटनिक या रशियन लसीचे दोन डोस आतून वेगवेगळे आहेत, दोन्हींत वेगळा वाहक विषाणू वापरला आहे. त्यामुळे दुसऱ्या वेळी ‘दुसरा घटक’ असलेलीच बाटली लागते. अंतर किमान २१ दिवसांचे. ती खासगी रुग्णालयांतच मिळते, म्हणून जिथे पहिला घेतला तिथेच आधी चौकशी करा. कमाल किंमत १,१४५ रुपये.

लोकलच्या पाससाठी दुसरा डोस झाला की लगेच जाता येते का?

दुसरा डोस घेऊन १४ दिवस पूर्ण व्हावे लागतात. १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलमध्ये हा नियम आहे. स्थानकावरच्या मदत कक्षात प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवून शिक्का घेता येतो किंवा मोबाइलवर युनिव्हर्सल पास काढता येतो, त्यावर मासिक पास मिळतो. ज्यांची रोजीरोटी लोकलवर आहे त्यांनी दुसऱ्या डोसची तारीख एक दिवसही पुढे ढकलू नये. तुमची आठवड्याची दिरंगाई म्हणजे बस आणि रिक्षाच्या भाड्याचा आणखी एक आठवडा.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशात जायचे आहे. कोव्हॅक्सिन झालेली आहे, आता कोविशिल्ड घेऊ का?

आज कोविशिल्ड जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, १५ फेब्रुवारीपासून. कोव्हॅक्सिनचा अर्ज विचाराधीन आहे. ब्रिटनने ११ ऑक्टोबरपासून कोविशिल्डचे दोन डोस घेतलेल्या भारतीयांना विलगीकरणातून सूट दिली आहे. यामुळे कोव्हॅक्सिन घेतलेल्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची घालमेल आम्ही रोज पाहतो.

तरीही दुसऱ्या मोबाइल नंबरवर नव्याने नाव नोंदवून कोविशिल्डचे दोन डोस घेणे हा मार्ग नव्हे. त्याला परवानगी नाही, चार डोसांचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास नाही, आणि एका आधार क्रमांकावर दोन नोंदी सापडल्या तर अडचण तुमचीच. कोव्हॅक्सिनचा दुसरा डोस वेळेवर पूर्ण करा, ज्या देशात जायचे आहे त्याच्या दूतावासाचे नियम वाचा, विद्यापीठाला मेल करा. अनेक विद्यापीठे तिथे पोचल्यावर लस देण्याची सोय करतात.

कोविशिल्ड घेतलेल्यांना ८४ दिवसांआधी, २८ दिवसांनंतर दुसरा डोस देण्याची सवलत जूनमध्ये दिली गेली. ती शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी ३१ ऑगस्टपर्यंत जाणाऱ्यांसाठी होती. आता निघणार असाल तर प्रवेशपत्र किंवा नोकरीचे पत्र, व्हिसा आणि पासपोर्ट घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागात प्रत्यक्ष भेटा. दुसऱ्या डोसच्या वेळी पासपोर्टचा क्रमांक प्रमाणपत्राला जोडून घ्यायला विसरू नका.

अँटिबॉडीची चाचणी केली, भरपूर निघाल्या. मग दुसरा डोस कशाला?

या चाचणीवरून दुसरा डोस घ्यायचा की नाही हे ठरवता येत नाही. किती अँटिबॉडी म्हणजे पुरेशा, याचा सर्वमान्य आकडा नाही. शिवाय संरक्षण फक्त अँटिबॉडींवर नसते, स्मृतिपेशी आणि विषाणूशी लढणाऱ्या टी पेशी या चाचणीत दिसतच नाहीत. आकडा मोठा आला म्हणून निश्चिंत होऊ नका, छोटा आला म्हणून खचूही नका. ते पैसे वाचवा.

प्रमाणपत्रावर नाव, वय किंवा तारीख चुकली आहे. दोन वेगळी ‘पहिला डोस’ प्रमाणपत्रे आली आहेत.

नाव, जन्मवर्ष आणि लिंग यांतली चूक कोविनवर तक्रार नोंदवण्याच्या सोयीतून दुरुस्त करता येते. पण ती संधी एकदाच मिळते, म्हणून स्पेलिंग आधार किंवा पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून मगच पाठवा. दोन ‘पहिले डोस’ एकत्र करण्याची सोयही तिथेच आहे. मोबाइल हाताळता येत नसेल तर ओळखपत्र आणि दोन्ही प्रमाणपत्रे घेऊन केंद्रावर या. दुपारी चारनंतर गर्दी कमी असते, तेव्हा टेबलावरच्या मुलांना तुमच्यासोबत बसून ते करायला वेळ मिळतो.

आजी अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना केंद्रावर नेणे शक्य नाही.

मुंबईत जुलैअखेरीपासून अशा रुग्णांना घरी जाऊन लस दिली जाते, आणि इतर शहरांतही महापालिकांनी हे काम हाती घेतले आहे. रुग्णाची प्रकृती लस देण्याजोगी आहे असे डॉक्टरांचे लेखी पत्र आणि नातेवाइकांची संमती लागते. साठीपुढच्यांसाठी आणि दिव्यांगांसाठी घराजवळच्या शाळेत, समाजमंदिरात केंद्र लावण्याचीही तरतूद आहे. गावात असाल तर उपकेंद्राच्या सिस्टरना किंवा आशाताईंना आजींचे नाव देऊन ठेवा. बाटली उघडल्यावर चार तासांत दहाजण हवे असतात, त्यामुळे आळीत आणखी कुणाचा डोस राहिला असेल त्यांचीही नावे सोबत दिलीत तर पथक लवकर येते. दूरध्वनीवर विचारायचे असेल तर राज्याची आरोग्य सेवा १०४ आणि केंद्राची १०७५ या क्रमांकांवर बोलता येते.